यादीतली एक स्पेस: ओपीकेजी तीन वर्षं हॅश तपासत नव्हतं त्याची गोष्ट

ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर चालणारी लिनक्स-आधारित प्रणाली, आणि तिच्यात पॅकेजं (म्हणजे तयार प्रोग्रामांची गाठोडी) बसवणारा जुना प्रोग्राम म्हणजे ओपीकेजी. त्याच्या पॅकेज यादीत दर पॅकेजाला दहा-बारा ओळी मिळतात. नाव, आवृत्ती, कोणावर अवलंबून, फाइलचा आकार, आणि शेवटाकडे ‘एसएचए२५६सम’ अशी एक ओळ. त्या शब्दापुढे दोन टिंबं, मग एक स्पेस, मग ६४ अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा; फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. स्पेसचं तिथे काही काम नाही. माणसाला वाचायला बरं पडतं, बाकी सगळ्या ओळींत आहे म्हणून इथेही आहे, इतकंच.

फेब्रुवारी २०१७ ते जानेवारी २०२० या काळात त्या स्पेसमुळे ओपीकेजी डाउनलोड केलेल्या पॅकेजाचा हॅश तपासतच नव्हतं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. सही तपासली, ठीक आहे, पॅकेज बसवलं, झालं. सुरक्षा नोंदींमध्ये हे प्रकरण सीव्हीई-२०२०-७९८२ या क्रमांकाने सापडतं. राउटरच्या इमेज बांधायच्या कामावर कोणी नवीन आलं की मी आधी हे प्रकरण वाचायला देतो. चूक मोठी रंजक आहे म्हणून नव्हे. एका छोट्या चुकीवर एवढं ओझं का आलं, हे पाहताना आयपीके या पॅकेज-पद्धतीची सगळी रचना उलगडते म्हणून.

आयपीके फाइल म्हणजे डेबियन या लिनक्स प्रणालीच्या डेब फाइलचा किरकोळ शरीरयष्टीचा भाऊ. आत तीनच गोष्टी: पद्धतीची आवृत्ती सांगणारी एक चिमुकली फाइल, माहिती आणि स्क्रिप्ट असलेलं ‘कंट्रोल’ गाठोडं, आणि प्रत्यक्ष फाइल असलेलं ‘डेटा’ गाठोडं. डेबमध्ये हे तिन्ही ‘एआर’ नावाच्या जुन्या संग्रहात बांधलेले असतात. ओपनडब्ल्यूआरटीने बाहेरचं वेष्टनसुद्धा टार-जीझिपच ठेवलं. म्हणजे जीझिप केलेल्या टारमध्ये पुन्हा दोन जीझिप केलेले टार. दिसायला वेडगळ, पण टार आणि जीझिप उलगडणारा कोड राउटरवर असतोच. एआरसाठी वेगळा कोड कशाला कोंबायचा? चार किंवा आठ एमबी फ्लॅशवर, म्हणजे राउटरच्या कायमच्या साठवणीवर, संसार करायचा तर असा हिशोब रोज करावा लागतो.

‘कंट्रोल’ गाठोड्यातल्या स्क्रिप्ट विसरू नका. पॅकेज बसण्याआधी एक चालू शकते, बसल्यावर दुसरी. दोन्ही रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने. राउटरवर तसाही बहुतेक कारभार रूटच्याच नावाने चालतो, त्यामुळे ‘खोटं पॅकेज बसलं’ आणि ‘राउटर गेला’ ही दोन वेगळी वाक्यं नाहीत.

आता विश्वासाची साखळी. प्रत्येक आयपीके फाइलवर सही नसते. सही असते ती यादीवर. यादीच्या शेजारी एक छोटी सही-फाइल ठेवलेली असते. ‘यूसाइन’ नावाचं इवलंसं साधन ती ईडी२५५१९ पद्धतीने तपासतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या सार्वजनिक किल्ल्या राउटरवर आधीपासून असतात. यादी खरी ठरली की यादीतले हॅश खरे. फाइलचा हॅश यादीतल्या हॅशशी जुळला की फाइल खरी. डेबियनमध्येही तत्त्व हेच आहे, तिथे मध्ये एक पायरी जास्त आहे एवढंच. या रचनेत चूक काही नाही. एकच सही तपासायची आणि हजारो पॅकेजांची सोय लावायची, हा सौदा चांगलाच आहे. फक्त मधला दुवा, म्हणजे हॅश, निखळला तर यादीवरच्या सहीला फाइलशी काही देणंघेणं राहत नाही.

डाउनलोड साध्या एचटीटीपीवरून व्हायचा. २०२० साली हे वाचून लोक हळहळले, पण त्यामागेही फ्लॅशच होती. एचटीटीपीएससाठी टीएलएसची, म्हणजे वाहिनी कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीची, लायब्ररी हवी, प्रमाणपत्रांचा संच हवा; ते सगळं मिळून काहीशे केबी जातात. ज्या उपकरणावर वेब पॅनेल बसवायचं की नाही यावर वाद घातला जातो, तिथे हे काहीशे केबी डोळ्यांवर येतात. शिवाय युक्तिवाद तयार होता: यादीवर सही आहे, फाइलला हॅश आहे, मग वाहिनी उघडी असली म्हणून काय बिघडलं? युक्तिवाद बरोबरच होता. तो ज्या हॅशच्या भरवशावर उभा होता, तो हॅश तपासला जात असता तर.

कोडकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे.

२०१७च्या सुरुवातीला ओपनडब्ल्यूआरटीतून फुटून निघालेला प्रकल्प ‘लीड’ या नावाने वेगळा चालत होता आणि ओपीकेजीची रॅमची भूक कमी करण्याचं काम सुरू होतं. ३२ एमबी रॅमच्या राउटरवर हजारो पॅकेजांची यादी एका वेळी रॅममध्ये घेतली की उपकरण धापा टाकायला लागतं. हॅशचंच बघा. यादीत तो हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत, लिहिलेला असतो, ६४ अक्षरं. तीच माहिती बाइटच्या रूपात ३२ बाइटांत बसते. दर हजार पॅकेजांमागे ३२ हजार बाइट वाचतात, तेही नुसत्या एका रकान्यात. म्हणून हेक्स अक्षरांचे बाइट करणारं एक छोटं फंक्शन होतं. यादी वाचताना ‘एसएचए२५६सम’ची ओळ आली की रकान्याचं नाव आणि दोन टिंबं ओलांडून पुढचा मजकूर या फंक्शनकडे द्यायचा. पुढचा मजकूर म्हणजे अर्थातच: एक स्पेस आणि ६४ अक्षरं.

फंक्शन लिहिणाऱ्याला स्पेसची कल्पना होती. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात चटका लावणारं वाटतं. फंक्शनमध्ये स्पेस ओलांडायची ओळ आहे. स्पेस दिसते आहे तोवर पॉइंटर (मजकुरातली जागा दाखवणारं बोट) पुढे सरकव, अशी चोख ओळ. पण फंक्शनमध्ये पॉइंटर दोन आहेत. आत आलेल्या मजकुराचा एक, त्याला ‘एसआरसी’ म्हणू. आणि सुरुवातीलाच त्याच्यावरून केलेली नक्कल, ‘एस’. दोघेही सुरुवातीला स्पेसवरच उभे. मग स्पेस ओलांडायची ओळ येते आणि एसआरसी पुढे जातो. मग हेक्स उलगडणारा लूप येतो आणि तो चालतो एसवर. एस जागचा हललेलाच नाही. पहिलं अक्षर स्पेस, स्पेस हेक्स अंक नाही, लूप पहिल्याच पावलाला थांबतो आणि फंक्शन लांबी शून्य करून रिकाम्या हाताने परत येतं.

कंपायलर गप्प का बसला? कारण त्याला बोलण्यासारखं काही नव्हतं. एसआरसी वापरला गेला आहे: त्याच्यावरून नक्कल केली, तो तपासला, तो पुढे सरकवला. न वापरलेल्या व्हेरिएबलची तक्रार इथे लागू पडत नाही. वाचणाऱ्या माणसाचंही तेच. स्पेस ओलांडायची ओळ दिसली की मनात ‘हे सांभाळलं आहे’ अशी खूण होते आणि डोळा पुढे जातो. ती ओळ नसती तर कदाचित कोणाला तरी प्रश्न पडला असता.

तरीही इथवरची चूक निरुपद्रवी ठरू शकली असती. हॅश उलगडता आला नाही, म्हणून पॅकेज नाकारलं, असं झालं असतं तर पहिल्याच दिवशी एकही पॅकेज बसलं नसतं, बोंब झाली असती आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्ती आली असती. झालं उलटं. उलगडता न आलेला हॅश पॅकेजाच्या नोंदीत साठवलाच गेला नाही. आणि बसवायच्या वेळी असलेली तपासणी अशी होती: नोंदीत हॅश असेल, तर फाइलच्या हॅशशी ताडून पाहा. नसेल, तर पुढे चला.

‘असेल तर’ ही अट कोणी मूर्खपणाने घातलेली नाही. ओपीकेजीचा पूर्वज आयपीकेजी हा हातात मावणाऱ्या संगणकांच्या जमान्यातला. फाइल कुठून तरी आणायची, उपकरणावर टाकायची, बसवायची, अशी सवय. आजही स्वतः बांधलेलं आयपीके राउटरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाकून आपण सरळ बसवतो. त्या फाइलची यादीत नोंद नाही, म्हणून हॅश नाही, आणि ती बसायलाच हवी. माझ्या मते खरी चूक इथे आहे: ‘यादीबाहेरची फाइल, हॅश असणारच नाही’ आणि ‘यादीतली फाइल, पण हॅश सापडला नाही’ या दोन गोष्टी कोडला सारख्याच दिसत होत्या. दोन्हीकडे एकच रिकामा पॉइंटर. पहिल्या प्रसंगात तो सोय होता, दुसऱ्यात भगदाड. पॉइंटरची चूक दुसऱ्या कोणत्याही दिवशी, दुसऱ्या कोणत्याही कारणाने होऊ शकली असती. या रचनेत तिचा परिणाम ठरलेलाच होता.

एक फाटक मात्र शिल्लक होतं. यादीत फाइलचा आकारही लिहिलेला असतो आणि ओपीकेजी तो ताडून बघत होतं. तेवढंच.

चूक सापडली तीही आडवाटेने. गिडो व्ह्रान्केन हे सुरक्षा संशोधक ‘मेहेम’ या फझिंग साधनासाठी ओपीकेजीवर काम करत होते. फझिंग म्हणजे प्रोग्रामला वेडावाकडा डेटा चारत राहायचं आणि तो कधी कोसळतो ते बघायचं. पॅकेजांच्या सर्व्हरचं नाव त्यांनी स्वतःच्याच मशीनकडे वळवलं. यादी आणि सही-फाइल खऱ्या सर्व्हरवरून जशाच्या तशा ठेवल्या, पॅकेजाच्या जागी मात्र मेहेमने बनवलेला कचरा. ओपीकेजी कोसळलं. पण कोसळायचं तर फाइल उघडायला हवी, आणि हॅश जुळत नसताना फाइल उघडली कशी? क्रॅशच्या मागे न जाता हा प्रश्न धरून ते मागे मागे गेले आणि त्या स्पेसपाशी पोचले. फझिंगच्या अहवालात क्रॅश मिळाला की बहुतेक जण तोच घेऊन पळतात. इथे क्रॅश गौण होता. फाइल उघडली गेली हीच बातमी होती.

हल्ला करायचा तर काय लागतं? राउटर आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर जागा. डीएनएसचं उत्तर खोटं देता आलं तरी चालतं. खरी यादी, खरी सही तशीच पुढे द्यायची, त्यामुळे सहीची तपासणी बिनबोभाट पार पडते. मग मागितलेल्या पॅकेजाऐवजी आपलं आयपीके द्यायचं, फक्त आकार यादीतल्याएवढा हवा. हेही अवघड नाही. मूळ पॅकेजापेक्षा लहान पॅकेज बांधायचं आणि उरलेली जागा शेवटी शून्य बाइटांनी भरायची. जीझिपचा डेटा संपला की पुढची शून्यं कोणी विचारत नाही. आकाराची तपासणी ही सुरक्षा नव्हेच. अर्धवट तुटलेला डाउनलोड ओळखायला ती ठेवलेली असते आणि ते काम ती नीट करते. धोका थोडा कमी करणारी एकच गोष्ट: राउटर आपणहून पॅकेज आणायला जात नाही. माणसाने कमांड दिली त्याच वेळी हल्लेखोर वाटेवर हवा.

प्रकल्पाने पहिला उपाय केला तो कोडमध्ये नव्हे, सर्व्हरवर. यादीतली ती स्पेसच काढून टाकली. मला हा उपाय फार आवडतो. लाखो राउटरांना हात न लावता, जुनं ओपीकेजी जसं आहे तसं ठेवून हॅशची तपासणी परत सुरू झाली. त्याला आणखी एका काटकसरीचा हातभार लागला. ओपीकेजी यादी फ्लॅशवर ठेवत नाही, रॅममधल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं. राउटर बंद करून चालू केला की यादी गायब. म्हणून पॅकेज बसवण्याआधी ‘अपडेट’ चालवायची सवय सगळ्यांना लागलेलीच होती. एरवी वैताग आणणारी ही गोष्ट त्या आठवड्यात उपयोगी पडली, कारण नवी, स्पेस नसलेली यादी लोकांपर्यंत आपोआप पोचत होती.

पण हा उपाय प्रामाणिक गिऱ्हाइकापुरता. वाटेवर बसलेला हल्लेखोर जुनी यादी देऊ शकतो, स्पेस असलेली. तिच्यावरची सही खरीच आहे आणि खरीच राहणार, कारण त्या सहीला मुदत नाही. डेबियनच्या भांडारात ‘या तारखेपर्यंत ग्राह्य’ अशी नोंद असू शकते. इथे तशी सोय नव्हती. आणि असती तरी बॅटरीवरचं घड्याळ नसलेला राउटर सुरू होताना तारीख काय समजतो, हा वेगळाच तमाशा आहे. थोडक्यात, कोड दुरुस्त करण्याला पर्याय नव्हता. ३१ जानेवारी २०२०च्या सुरक्षा सूचनेत १८.०६.० ते १८.०६.६ आणि १९.०७.० या आवृत्त्या बाधित म्हणून दिल्या, दुरुस्ती १८.०६.७ आणि १९.०७.१ मध्ये आली.

ज्यांना पूर्ण फर्मवेअर लगेच बदलता येत नव्हतं त्यांच्यापुढे मोठा गमतीचा पेच होता. दुरुस्त ओपीकेजी हेही एक पॅकेजच. ते बसवणार कोण? बिघडलेलं ओपीकेजी. म्हणजे दुरुस्ती आणण्याची वाटच ती, जिच्यावर भरवसा ठेवू नका असं सूचना सांगते. मार्ग असा दिला गेला: आधी यादी अपडेट करा. मग ओपीकेजीचं पॅकेज बसवू नका, नुसतं डाउनलोड करा. यादीतून त्याची एसएचए२५६समची ओळ काढा. डाउनलोड झालेल्या फाइलचा हॅश वेगळ्या कमांडने काढा. दोन्ही डोळ्यांनी ताडून बघा. जुळले तरच ती फाइल बसवा. प्रोग्राम जे तीन वर्षं करायचं विसरला होता ते माणसाने एकदा हाताने करायचं.

मार्च २०२० मध्ये व्ह्रान्केन यांनी सविस्तर लेख लिहिला आणि मगच बाहेरच्या जगात गाजावाजा झाला. तेव्हा एचटीटीपीएस का नाही यावर बरीच चर्चा झाली. २०२१ मध्ये आलेल्या २१.०२ मालिकेपासून टीएलएसची लायब्ररी इमेजमध्ये मुळातच येऊ लागली. तोवर ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमची उपकरणंही मागे पडली होती. त्यांच्यासाठी अधिकृत इमेज असलेली शेवटची मालिका १९.०७. ती ओझी उतरल्यावर वाहिनी बंद करायला जागा मिळाली, असंही म्हणता येईल.

पुढे पॅकेजची पद्धतच बदलली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्य शाखेत ओपीकेजीच्या जागी अल्पाइन लिनक्सचं एपीके आलं, २४.१० मालिका ओपीकेजीवरच राहिली आणि २५.१२ मालिका एपीकेवर गेली. अँड्रॉइडच्या एपीकेशी याचं नावापलीकडे नातं नाही. या प्रकरणाच्या नजरेतून पाहायचं तर मोठा फरक यादीत आहे. एपीकेच्या तिसऱ्या आवृत्तीत यादी हा ओळीओळींचा मजकूर नाही, ठरावीक साच्यातला बायनरी डेटा आहे. हॅश तिथे बाइटांतच असतो. दोन टिंबं नाहीत, स्पेस नाही, हेक्स उलगडणं नाही. म्हणजे चुकलेला पॉइंटर ज्या कोडमध्ये होता त्या जातीचा कोडच नाही. साखळी मात्र ओळखीची आहे: सही यादीवर, पॅकेजाची ओळख हॅशवरून. आणि यादीबाहेरची फाइल बसवायची तर एपीके तोंडावर नकार देतं. ‘अविश्वासू चालेल’ असा पर्याय कमांडमध्ये स्वतः लिहावा लागतो. सुरुवातीला लोक त्यावर कुरकुरले. मला तोच पर्याय सगळ्यात पटला, कारण ओपीकेजीत जे दोन प्रसंग एका रिकाम्या पॉइंटरमागे लपले होते ते इथे टायपिंगमध्येच वेगळे होतात.

एपीके धुतल्या तांदळासारखं आहे असं समजू नका. २०१८ मध्ये मॅक्स जस्टिच यांनी दाखवलं होतं की तेव्हाचं एपीके फाइल आधी डिस्कवर उलगडायचं आणि हॅश नंतर ताडायचं. मधल्या फटीत सिम्बॉलिक लिंकची (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइलची) चलाखी करून हवं ते घुसवता येत होतं. ओपीकेजी तपासणी विसरलं होतं, एपीके ती उशिरा करत होतं. तिसऱ्या आवृत्तीची रचना करताना ‘आधी पडताळा, मग वापरा’ यावर भर दिला गेला तो उगीच नाही.

राहता राहिला चाचणीचा भाग. ओपीकेजीच्या बाबतीत रोज हजारो पॅकेजं बसत होती आणि प्रत्येक वेळी ‘चाचणी’ यशस्वी होत होती, कारण खरी फाइल बसते आहे एवढंच पाहिलं जात होतं. खोटी फाइल नाकारली जाते का, हे पाहायला खोटी फाइल द्यावी लागते. मी नव्या माणसाकडून हे करून घेतो. एक जुना राउटर, त्यावर १९.०७.०. स्वतःची किल्ली बनवायची, सार्वजनिक अर्धी राउटरवर ठेवायची. दोन पॅकेजांची छोटी यादी बांधायची, हॅशआधीची स्पेस राखून, आणि तिच्यावर सही करायची. मग एका पॅकेजाच्या जागी दुसरंच आयपीके ठेवायचं, शून्यांनी भरून बरोबर तेवढ्याच आकाराचं. त्याच्या बसल्यानंतरच्या स्क्रिप्टमध्ये सिस्टीम लॉगमध्ये एक ओळ लिहायची कमांड. ‘अपडेट’ चालवल्यावर पडद्यावर सही तपासल्याचा आणि ती ठीक असल्याचा संदेश येतो. ‘इन्स्टॉल’ चालवल्यावर काहीच विशेष दिसत नाही. मग लॉग उघडायला सांगायचं.

त्यानंतर १९.०७.१ चढवून किल्ली पुन्हा ठेवायची आणि तीच यादी, तीच फाइल द्यायची. या वेळी ओपीकेजी सांगतं की एसएचए-२५६ जुळत नाही, ओपीकेजी तरी बिघडलंय किंवा यादी तरी, ‘अपडेट’ करून बघा. लॉगमध्ये ओळ नसते.

दुरुस्तीचा पॅच मी त्याच वेळी दाखवतो. वाचायला अर्धं मिनिट पुरतं. स्पेस ओलांडणारी ओळ आता एसला पुढे सरकवते.